जागेची पाहणी

अँटेना एवढीशी. जेवणाच्या डब्याएवढी,
मी सांगते लोकांना, हातानं माप दाखवत.
तीन पुडांचा का चार? परातेबाई विचारतात,
आणि दार अर्धंच उघडं ठेवतात.

तांडापेठ, मे महिना, सकाळचे साडेदहा.
कूलरच्या खसाचा ओला वास गल्लीत सांडलेला.
पिशवीतला फोन तापून म्हणतो,
थंड झाल्यावर बोलू.

फाल्गुनात मोजून गेले होते इथंच.
तेव्हा कोपऱ्यावरचा लिंब उघडा होता,
आकडे चांगले आले, साहेब खूश.
आता पानं फुटलीत, दाट,
आणि प्रत्येक पान थोडी थोडी रेंज पिऊन बसलंय.
"तोडून टाका न मंग," मागून कोणी म्हणालं.
मी वहीत लिहिलं: लिंब आहे. राहील.

रेंज सगळ्यांना पाहिजे.
ढकाते मास्तरांना पाहिजे, पण त्यांच्या सुनेला सातवा आहे.
बोकडेंना पाहिजे, पण भाडं किती, ॲडव्हान्स किती,
आणि सांडगे वाळवायची जागा सोडून.
किराणावाल्यानं तर सरळ समोरचं घर दाखवलं:
"त्यायच्याकडे लावा. त्यायचं डोकं तसंही दुखतेच."

समजावते मी. किरणांचं, मर्यादेचं, सरकारी आकड्यांचं.
रात्री घरी आई मलाच विचारते,
"तू दिवसभर त्याच्याजवळ उभी असतेस न?"

डोमाजी निखारे एकटे म्हणाले, या वर.
सोळा पायऱ्या. कठडा नाही.
गच्चीवर टाकीच्या अंगानं एक वीट,
विटेवर चुन्याची फुली.
"इथं उभं राह्यलं का चार काड्या येतात.
पाऊल सरकलं का गेलं पोरगं."
पोरगं सुरतेला, मागावर.
इथले माग थांबले तेव्हा गेलं.
रात्री नऊला फोन. दोन वर्षं, हीच वीट.

मी विटेवर उभी राहिले. मोजलं. चार.
माझं यंत्र सव्वा लाखाचं आहे.

मग कागद पसरला, सांगितलं नीट:
तुमच्या गच्चीवर लावली तर गल्लीभर पोचेल,
पण ठीक खाली, तुमच्याच घरात, कमी पडेल.
समोरच्या विजेच्या खांबावर लावली
तर तुमच्या खिडकीतून थेट ओट्यापर्यंत.
विटेची गरजच नाही.

ते कागदाकडे पाहत राहिले बराच वेळ.
"ओट्यापर्यंत," म्हणाले.
मग हळूच, "इथंच लावा न जी, गच्चीवर. भाडं नको.
खाली नाही आली तरी चालते.
तिचे गुडघे गेले, ती काही वर येत नाही.
पोरगं काय काय बोलते...
मी खाली जाऊन सांगतो न तिले.
निवडून."
तांदूळ निवडावेत तसं म्हणाले ते.

खाली स्वयंपाकघरात मोजायचंच होतं. नियम आहे.
गिरजाबाई कणीक मळत होत्या.
"माठातलं पाणी घे," म्हणाल्या, हात न थांबवता.
मग आवाज खाली करून:
"खांबावर लाव.
रोज उतरताना नवव्या पायरीवर थांबतात ते.
मी ऐकते न इथून.
परवा लय वेळ थांबले होते."

फॉर्मवर रकाना आहे, जागा निवडण्याचे कारण.
मी लिहिलं: खांब क्रमांक सतरा.
लिंब आड येत नाही. घरांच्या आत पोच चांगली.
त्यात खोटं एकही नाही.

गल्लीत येऊन वर पाहिलं
तर डोमाजी गच्चीच्या काठाशी उभे,
वीट हातात.
कुठं ठेवावी ते ठरत नव्हतं त्यांचं.